मदत हवी आहे: "मागितलं तरी देव देत नाही" याला 5 वर्षांच्या मुलांना काय सांगायचं?

संडे स्कूलमध्ये 4 ते 6 वयाची 11 मुलं माझ्याकडे आहेत, वाचता येत नाही अजून, वेळ 20 मिनिटं आणि स्क्रीन वापरायची नाहीये. प्रार्थना हा विषय शुभवर्तमानातल्या (बायबलमधल्या येशूच्या जीवनावरच्या पुस्तकांतल्या) गोष्टींमधून घेतेय. पहाटे उठून एकांतात प्रार्थना करणारा येशू (मार्क 1:35) मुलांना खूपच आवडला, परूशी (स्वतःला धार्मिक समजणारा) आणि जकातदार (कर गोळा करणारा) यांच्या प्रार्थनेची गोष्ट पण अभिनय करून घेतली, तीही छान झाली.

अडलंय ते लूकच्या शुभवर्तमानातल्या 11 व्या अध्यायाला. मध्यरात्री 3 भाकरी मागायला आलेल्या मित्राची गोष्ट सांगितली (घरातला झोपलेला आधी उठत नाही, पण सारखं मागितल्यावर देतो), दार ठोठावायचा खेळ पण घेतला, आणि मुलांना वाटलं की देव झोपलाय आणि त्रास दिला की वैतागून देतो! मग पुढचं वडील मुलाला माशाऐवजी साप देईल का ते सांगितलं, त्याने देव वैतागत नाही एवढं पटलं, पण एक मुलगी म्हणाली मी आजीसाठी रोज मागते तरी ती बरी होत नाही. मला खरंच काही सुचलं नाही, तिला जवळ घेऊन बसले फक्त.

"देवाची वेळ यायची आहे" हे या वयात कळत नाही, आणि खोटी आशाही द्यायची नाहीये मला. गेथशेमाने बागेतली प्रार्थना (लूक 22:42) घ्यावी असं मनात आहे कारण तिथे स्वतः येशूने हा प्याला, म्हणजे येणारं दुःख, टळावं असं मागितलं आणि तो टळला नाही, पण लगेच पुढे अटक आणि वधस्तंभ येतो, मुलं घाबरतील. एवढ्या लहान मुलांना ही गोष्ट कोणी सांगितलीये का, आणि कुठे थांबवलीत?