आहेराची बेरीज ऐकून आबा म्हणाले, "चुकलंय"

साताऱ्याची सून:
परवा पुतण्याची मुंज झाली. रात्री माणसं पांगल्यावर मी आणि जाऊबाई आहेर लिहायला बसलो. त्या पाकिटं फोडतायत, मी वहीत नाव आणि रक्कम टाकतेय. 48 नोंदी, बेरीज 7747. आबा (चुलत सासरे, जन्म किराणा दुकानात गेला) पलीकडे आडवे झाले होते. "किती नोंदी?" 48 म्हटल्यावर डोळेही न उघडता म्हणाले, "मग चुकलंय. परत करा." दोनदा केली, 7747च! खोदून विचारलं तर म्हणे, "आहेर 51, 101, 251, 501 असाच येतो. अठ्ठेचाळीस विषम मिळून विषम होतच नाही." आणि घोरायलाच लागले. विषम अधिक विषम सम, हे शाळेत घोकलंय. पण का? आणि त्यात 48चा काय संबंध?

गणितवेडा:
पाकिटावरचा एक रुपया तेवढा बघा. 101 म्हणजे शंभराची नोट आणि नाणं, 251 म्हणजे दोनशे, पन्नास आणि नाणं. या नोटा सगळ्या सम आकड्यांच्या, कितीही मिळवा, बेरीज समच राहते. म्हणजे निकाल लावणार ती नाणी. दोन पाकिटं घेतली की दोन नाण्यांची जोडी जमली. 48 पाकिटांच्या 24 जोड्या, मागे कोणी नाही. 47 असती तर एक नाणं एकटं पडलं असतं. कुठलीही विषम संख्या अशीच: जोड्या लावून झाल्या की एक उरतो. दोन विषम एकत्र आले की उरलेले दोघं एकमेकांना धरतात.

पेठेतला:
युक्लिडच्या 'एलिमेंट्स'मध्ये नवव्या पुस्तकात आहे हे, प्रमेय 22 आणि 23. इ.स.पू. 300च्या आसपासचं. आबा बरोबर पंगतीत बसलेत.
ते फॉरवर्डातलं कोडं आठवतं का, 1 ते 15 मधल्या तीन विषम संख्या घेऊन 30 करा? तीन विषमांची बेरीज विषमच, त्यामुळे जन्मात होणार नाही. आमच्या मेव्हण्यांनी 9 उलटा करून 6 केला: 6+11+13. त्यांना ग्रुपवर ठेवायचं की नाही, यावर घरात अजून एकमत नाही.

कॅशवाली:
रोज रोकड मोजते म्हणून सांगते, सम आली म्हणजे हिशेब जुळला असं नाही हं. शंभराची नोट गहाळ झाली किंवा दोन नाणी घरंगळली, तर ही युक्ती गप्प बसेल. विषम आली की मात्र काहीतरी आहेच. पण ते 'काहीतरी' म्हणजे चूकच कशावरून? अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस रकमा विषम आहेत का, ते बघितलंत?

साताऱ्याची सून:
अहो, आत्ता वही उघडली! एकतिसावी ओळ: नणंदेचे दीर, फोनवर पाठवले, 500. बिनरुपयाचे. म्हणजे विषम 47च, बेरीज विषमच यायची. 7747 अगदी बरोबर. धावत जाऊन आबांना सांगितलं. क्षणभर गप्प बसले, मग म्हणतात, "फोनवरनं 501 जात नाहीत होय?"