कोकणातील गरम पाण्याची कुंडे आणि भूगर्भातील उष्णताप्रवाह

प्रश्न – दापोलीकर
गेल्या पौषात पहाटे उन्हवऱ्याच्या कुंडावर गेलो होतो. वाफ दाट होती, गंधकाचा वास कपड्यांना लागत होता आणि मूळ झऱ्याचे पाणी सुमारे ७० अंश असल्याने बोटही बुडवता येत नव्हते. दख्खनच्या लाव्ह्याची उरलेली धग हे पाणी तापवते, असे तिथे ऐकले. तसे असेल, तर त्याच काळ्या पाषाणाच्या पुणे-साताऱ्याकडे अशी कुंडे का ऐकिवात नाहीत? उष्णताप्रवाहाच्या, म्हणजे जमिनीतून वर येणाऱ्या उष्णतेच्या, नकाशावरून अशा जागा सापडू शकतात का?

प्रतिसाद – कातळ
तो लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे आणि दोन किलोमीटर जाडीचा थरही लाख-दीड लाख वर्षांत निवतो, त्यामुळे त्याची धग आता उरलेली नाही. आज वर येणारी उष्णता पृथ्वीच्या पोटातली आणि खडकांतील युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांच्या किरणोत्सर्गातली आहे. खडकाची उष्णतावाहकता आणि खोलीनुसार होणारी तापमानवाढ यांचा गुणाकार म्हणजे उष्णताप्रवाह. बेसाल्टची, म्हणजे त्याच काळ्या पाषाणाची, वाहकता १.७ (वॅट प्रति मीटर प्रति अंश) आणि वाढ किलोमीटरला २५ अंश धरली, तर चौरस मीटरला सुमारे ४२ मिलिवॅट येतात; म्हणजे शंभर चौरस मीटरच्या अंगणातून जेमतेम चार वॅट. एवढ्यावर कुंड तापत नाही.

प्रतिसाद – झराशोधक
इथे उष्णता वाहून आणण्याचे काम पाणी करते. पावसाचे २७ अंशांचे पाणी वरील दरानेच ७० अंशांपर्यंत तापायचे, तर ते पावणेदोन किलोमीटर खाली गेले पाहिजे, आणि वर येताना निवते म्हणून प्रत्यक्षात त्याहून खोल. मुरलेले पाणी इतके खोल जाऊन फारसे न निवता वर यायला खोल, उघडी भेग लागते. पालघरमधील सातिवलीपासून राजापूरपर्यंतची कुंडे किनारा आणि सह्याद्री यांना समांतर अशा पट्ट्यात आहेत, ती खडकातील भंगांमुळेच, असे माझे मत आहे. पाणी किती खोल गेल्यावर तापेल, हे उष्णताप्रवाह सांगतो. ते कुठे फुटेल, हे भेगा ठरवतात.

दापोलीकर
मग कुंडाशेजारीच विंधनविहीर घेऊन तापमान मोजले तर?

प्रतिसाद – कातळ
तिथेच फसगत होते. कुंडाजवळ शंभर मीटरमध्ये ४० अंशांची वाढ मिळाली, म्हणून किलोमीटरवर ४०० अंश मिळतील असे मानू नये. ते गरम पाणी आडवे पसरल्याचे लक्षण असते, आणि त्याखाली तापमान जवळपास स्थिर राहते किंवा उतरतेही. उलट, पावसाचे थंड पाणी झिरपते तिथे वरच्या थरांत उष्णताप्रवाह खोटाच कमी दिसतो. म्हणून झऱ्यापासून दूर, पाणी हलत नसलेल्या खडकात, काही शे मीटर खोल मोजमाप घ्यावे लागते. लडाखमधील पुगा खोऱ्यात उष्णताप्रवाहच असाधारण जास्त आहे. सुमारे ४,४०० मीटर उंचीवर तिथले झरे उत्कलनबिंदूच्या जवळ पोहोचतात. कोकणाची तुलना त्याच्याशी करू नये.