युरोप ग्रुप टूरचा पहिला दिवस : सत्तरीच्या आई-बाबांसाठी मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार.

माझे आई-बाबा येत्या मे महिन्याच्या अखेरीस पुण्याहून पंधरा दिवसांच्या युरोप सहलीला निघत आहेत. बाबा ७२ वर्षांचे आहेत, आई ६८ वर्षांची. बाबांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. आल्प्समध्ये उगम पावून उत्तर समुद्राला मिळणारी राइन नदी त्यांनी फळ्यावर किती वेळा काढली असेल याची गणती नाही, आणि शाफहाउझेनजवळचा तिचा धबधबा प्रत्यक्ष पाहणे ही त्यांची फार जुनी इच्छा आहे. आई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार आहे. आम्हा भावंडांपैकी कोणालाच रजा मिळत नसल्यामुळे ते दोघेच, ४२ जणांच्या गटाबरोबर, एका टूर मॅनेजरच्या भरवशावर जाणार आहेत. पुढच्या चौदा दिवसांची मला विशेष काळजी नाही. माझा प्रश्न केवळ पहिल्या दिवसाचा आहे, कारण त्या दिवशी तब्येत बिघडली तर राइनपर्यंतचे सगळेच दिवस औषधे घेत बसमध्ये बसून काढावे लागतील.

सहल कंपनीने दिलेला कार्यक्रम असा आहे. बुधवारी संध्याकाळी साडेसातला पुण्यातून बस सुटेल आणि मध्यरात्रीच्या सुमारास मुंबईच्या टर्मिनल २ ला पोहोचेल. पहाटे चारचे विमान दोहाला जाते. तेथे तीन तास थांबून दुसरे विमान, ते गुरुवारी दुपारी सव्वादोनला पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर उतरते. तेथून हॉटेलवर न जाता थेट शहरात, मग आयफेल टॉवरचा दुसरा मजला, सेन नदीतील बोटीची फेरी, भारतीय जेवण आणि रात्री दहाला हॉटेल. कागदावर हा एकच दिवस दिसतो. पण मे महिन्यात पॅरिसचे घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असते, म्हणजे तिथले रात्रीचे दहा हे आई-बाबांच्या शरीरासाठी शुक्रवारच्या पहाटेचे दीड आहेत. घरातून पाऊल बाहेर टाकल्यापासून पलंगाला पाठ टेकेपर्यंत पूर्ण तीस तास होतात, आणि त्यात आडवे होण्याची संधी एकदाही नाही. कार्यालयात हे बोलून दाखवले तेव्हा “सगळेच ज्येष्ठ करतात, सवय होते” एवढेच उत्तर मिळाले. मला ते पुरेसे वाटले नाही.

एक दिवस आधी पॅरिसला पोहोचून विश्रांती घेता येईल का, हे मी पाहिले. व्हिसा सहलीच्या तारखेपासूनच सुरू होतो आणि गटाच्या तिकिटात बदल होत नाही, त्यामुळे तो मार्ग बंद आहे. मग आम्ही असे ठरवले की पुण्याच्या बसने न जाता त्यांनी मंगळवारीच विलेपार्ल्याला मावशीकडे जावे, बुधवारी दुपारी व्यवस्थित झोपावे, लवकर जेवून पुन्हा पडावे आणि रात्री बाराला टॅक्सीने विमानतळावर येऊन गटाला भेटावे. यामुळे एक्सप्रेस वेवरचे चार-साडेचार तास वाचतील आणि दोघे ताजेतवाने निघतील. ज्यांनी मुंबईत असे परस्पर गटाला गाठले आहे, त्यांनी कृपया सांगावे की भेटण्याची जागा प्रवेशद्वाराच्या बाहेर ठरवावी की आत काउंटरजवळ. तिकिटांच्या प्रती टूर मॅनेजरकडेच राहिल्या आणि त्याची बस घाटात अडकली, तर हे दोघे दाराशीच उभे राहतील, ही माझी भीती आहे.

दुसरा आणि सर्वांत गंभीर मुद्दा बाबांच्या इन्सुलिनचा. रात्रीचे इन्सुलिन ते दहाला घेतात, आणि डॉक्टरांनी पहिला दिवस भारतीय वेळ पाळून नंतर ती हळूहळू पुढे सरकवायला लेखी सांगितले आहे. भारतातले रात्रीचे दहा म्हणजे पॅरिसमधले संध्याकाळचे साडेसहा. कार्यक्रमानुसार नेमके त्या वेळी ते आयफेल टॉवरच्या रांगेत असतील. पेन, सुया, डॉक्टरांचे इंग्रजी पत्र आणि साखरेच्या गोळ्या सामानाच्या बॅगेत न देता हातातल्या पिशवीतच ठेवणार आहोत, कारण विमानाच्या पोटात इन्सुलिन गोठले तर निकामी होते आणि बॅग उशिरा आली तर हाताशी काहीच उरत नाही. परंतु टॉवरच्या सुरक्षा तपासणीत सुयांबद्दल कोणाला अडचण आली होती का? जेवणाची अचूक वेळ ठाऊक नसताना जेवणाआधीचे इंजेक्शन घेणे धोक्याचे असते. अशा वेळी मधुमेही प्रवाशांनी गटात काय केले, हा अनुभव मला हवा आहे. डोस किती घ्यावा हे मी विचारत नाही, ते डॉक्टरच ठरवतील.

आईच्या गुडघ्यांमुळे व्हीलचेअर मागवण्याचा विचार आहे. ती निदान ४८ तास आधी नोंदवावी लागते हे कळले आहे. शंका अशी की दोहाला व्हीलचेअरचे प्रवासी विमानातून सर्वांत शेवटी उतरवतात आणि वेगळ्या कक्षात नेऊन बसवतात. तेवढ्यात बाकीचा गट पुढे निघून जातो. आईला इंग्रजी येत नाही. बाबांना तिच्यासोबत राहू देतात का, आणि पॅरिसला पासपोर्ट तपासणीनंतर सर्व जण पुन्हा एकत्र कोठे येतात? १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमांवर टप्प्याटप्प्याने नवी नोंदणी सुरू झाली आहे. बोटांचे ठसे व्हिसाच्या वेळीच दिलेले आहेत, तरी तेथे चेहऱ्याचे छायाचित्र घेतले जाते. गेल्या काही महिन्यांत पॅरिसला उतरलेल्यांनी रांगेत किती वेळ गेला हे सांगितले तर सव्वादोननंतरचा हिशेब मला नीट मांडता येईल.

आता संध्याकाळच्या कार्यक्रमाविषयी. माझे मत असे झाले आहे की टॉवरवर चढणे सोडावे आणि बोटीची फेरी ठेवावी, कारण बोटीत तासभर बसून राहायचे असते आणि टॉवरही नदीतून उत्तम दिसतो. टॉवरला लिफ्ट असली तरी तपासणीची रांग, लिफ्टची रांग आणि उतरतानाची रांग मिळून उभे राहणे फार होते. मात्र गट वर असताना या दोघांनी खाली शाँ द मार्सच्या बागेतील बाकावर बसणे सुरक्षित आहे का? त्या परिसरात पाकीटमारी होते, आणि पहिल्या दिवशी हॉटेल मिळालेले नसल्यामुळे पासपोर्ट, युरो, दागिने, औषधे, सगळे काही अंगावरच असते. पुढच्या कोणत्याही दिवसापेक्षा ही जोखीम मला याच दिवशी अधिक वाटते.

पर्याय म्हणून विमानतळावरून टॅक्सीने त्यांना सरळ हॉटेलवर पाठवण्याचाही विचार केला. विमानतळ ते पॅरिस शहर या प्रवासाचे टॅक्सीभाडे ठरलेले असते, पण गटांची हॉटेले बहुधा शहराबाहेर असतात आणि तेथे मीटरच लागतो. शिवाय खोल्या कंपनीच्या नावावर असतात. टूर मॅनेजर सोबत नसताना हॉटेलने केवळ पासपोर्ट पाहून किल्ली दिली, असा कोणाचा अनुभव आहे का? दोन माणसांसाठी बस मागे फिरणार नाही हे मी समजू शकतो, कारण युरोपात बसचालकाच्या वाहन चालवण्याच्या तासांवर कायद्याने मर्यादा आहे आणि त्याला दिवसाकाठी साधारण ११ तासांची सलग विश्रांती द्यावी लागते, जी काही वेळा ९ तासांवर आणता येते. याच नियमामुळे रात्री दहाला पोहोचलेली बस सकाळी सातच्या आत निघणार नाही, एवढा दिलासा मी धरून आहे. प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी किती वाजता निघालात, हेही कळवावे.

खाण्याचे बहुतेक ठरले आहे. दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत आणि आंब्याला प्रमाणपत्र लागते, म्हणून पेढे, तूप आणि हापूस घरीच राहतील. दशम्या पाण्यात भिजवून करायच्या. विमानातील मधुमेहींचे जेवण गटाच्या तिकिटावर स्वतः नोंदवता येते की कंपनीलाच सांगावे लागते, तेवढे विचारायचे राहिले आहे. दोघांना शेजारच्या आणि त्यातही मार्गिकेच्या बाजूच्या जागा मिळाव्यात, म्हणजे दर दीड-दोन तासांनी उठून पाय मोकळे करता येतील, यासाठी काय करावे हेही सांगावे.

व्हीलचेअरची नोंद मला सोमवारपर्यंत कंपनीकडे द्यायची आहे, त्यामुळे दोहाविषयीचा अनुभव ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपया तो आधी लिहावा.