मदत हवी आहे: मीटिंगमध्ये 'सगळं ठीक आहे' म्हणणाऱ्या माणसांना बोलतं कसं करायचं?

नमस्कार मंडळी. सोलापुरात आमचा टॉवेलचा कारखाना आहे. वडिलांनी दोन वर्षांपूर्वी कारभार माझ्या हाती दिला. विव्हिंग मास्तर, डाइंग मास्तर, मेंटेनन्स, डिस्पॅच आणि अकाउंट्स असे पाच जण सगळा डोलारा सांभाळतात. पाचही जण माझ्या वडिलांच्या हाताखाली तयार झालेले.

गेल्या उन्हाळ्यात बोअरचं पाणी जड झालं आणि ते मऊ करणारं यंत्र, सॉफ्टनर, पुरेना. जड पाण्यात सुती कापडाचा रिअ‍ॅक्टिव्ह रंग सारखा बसत नाही. निळ्या टॉवेलांच्या एका लॉटची शेड उतरली. डाइंग मास्तरांना ते दिसलं होतं, मेंटेनन्सला त्याच्याही आधी. तरी सोमवारच्या मीटिंगमध्ये एकेकाला विचारलं, तर "ठीक आहे मालक". माल पॅक झाल्यावर गिऱ्हाइकानं अख्खा लॉट परत केला.

डाइंग मास्तरांना एकटं गाठून विचारलं. हातातल्या नमुन्याची घडी घालत ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मागं सुताच्या काउंटची चूक विव्हिंगनं कबूल केली, तेव्हा सगळ्यांपुढं तुम्ही काय बोललात?"

मला आठवतंय. त्या रात्री झोप लागली नाही.

मग वाचायला लागलो. हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांना इस्पितळांच्या अभ्यासात दिसलं, की चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुकांची नोंद जास्त होती, कारण तिथं चूक सांगायची भीती नव्हती. १९९९ सालचा त्यांचा अभ्यास तर माल बनवणाऱ्या एका कंपनीतल्या ५१ टीमचा आहे. म्हणजे हे आमच्यासारख्यांनाही लागू आहे.

पुढच्या मीटिंगमध्ये मी सगळ्यांपुढं विव्हिंग मास्तरांची माफी मागितली. ते खुर्चीतून उठलेच, "मालक, असं नका बोलू!" बाकीचे खाली बघत राहिले. हेच दोघे मास्तर चहाच्या टपरीवर तेलुगूत एकमेकांना काय वाट्टेल ते सुनावतात. माझ्या केबिनमध्ये मात्र मराठीत दोन शब्द.

माझी अडचण अशी. डाइंगनं सॉफ्टनरचं नाव काढलं की मेंटेनन्सवर बोट जातं, आणि दोघांची वीस वर्षांची दोस्ती आहे. तिला धक्का न लावता हा विषय टेबलावर कसा आणायचा? मी आधी एकेकाशी बोलू, की मीटिंग केबिनबाहेर, डाइंगच्या मशीनपाशीच घेऊ? आणि निव्वळ हलगर्जीपणा झाला तर कान कसा धरायचा, की पुन्हा सगळे गप्प होणार नाहीत?

वडिलांनंतर धंदा हाती घेतलेल्यांनी जरूर लिहा. उन्हाळा परत तोंडावर आलाय, पाणी परत जड व्हायला लागलंय.