सिनेमातला सगळ्यात खरा स्वयंपाकी कोण? माझं मत रघूला नाही, चूला

पूर्णाकाठ
सिनेमातल्या स्वयंपाक्यांचा विषय निघाला की आपल्याकडे पहिलं नाव 'बावर्ची'तल्या रघूचं येतं. हृषीकेश मुखर्जींचा १९७२चा सिनेमा, राजेश खन्ना, आणि दिवसरात्र भांडणारं ते 'शांतिनिवास'. सिनेमा मलाही आवडतो. पण स्वयंपाकी म्हणून रघूला पहिला नंबर द्यायला माझा विरोध आहे, कारण शेवटी तो शिकलेला प्राध्यापक निघतो. म्हणजे घर सांधायचं शहाणपण खऱ्या आचाऱ्याकडे असूच शकत नाही, ते कॉलेजातूनच यावं लागतं? जन्मभर भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाचा मान यात कुठे राहिला?

माझं मत 'ईट ड्रिंक मॅन वूमन'मधल्या चूला. आंग ली यांचा १९९४चा सिनेमा, तैपेईत घडतो. चू नावाजलेला शेफ आहे, बायको वारलेली, घरात तीन मुली. दर रविवारी तो त्यांच्यासाठी टेबल भरून रांधतो आणि मुलींना त्या जेवणाचं ओझं होतं. त्यात त्याच्या जिभेची चव गेलेली. हॉटेलातला जुना सोबती वेन चाखून सांगतो, त्यावर त्याचं काम चालतं.

चवीशिवाय रांधणं कसं जमेल, असं ज्याला वाटतं त्यानं आपल्याकडचा भंडारा जवळून पाहावा. महाप्रसादाची आलू-वांग्याची भाजी नैवेद्य निघेपर्यंत कोणी चाखत नाही. आमच्या गावचा आचारी भल्या मोठ्या गंजात ओंजळीनं मीठ टाकतो, पळीत थोडा रस्सा घेऊन नुसता वास घेतो, कडेनं तर्री सुटली का पाहतो आणि लाकडं मागे ओढायला सांगतो. भाजी खारट झाली किंवा अळणी राहिली, असं मला आठवत नाही. सिनेमाच्या सुरुवातीलाच चू मासा साफ करतो, चिरतो, तळतो, वाफवतो. बोलणं जवळपास नाहीच, कॅमेरा हातांवर. आपल्या हिंदी सिनेमानं स्वयंपाक्याचे हात इतका वेळ कधी दाखवले, सांगा.

चुलीजवळचा
भाऊ, तुमचं हे काही पटलं नाही मले. रघू प्रोफेसर निघाला त काय बिघडलं? ज्या घरात एक नोकर टिकत नव्हता, तिथं त्यानं रांधून-वाढून सगळ्यायले एका जागी बसवलं न? शिकलेला माणूस चुलीपाशी बसला त कामाचा मान वाढते, कमी नाही होत. आमच्याकडं पंगतीत शिकलेले पोरं बी बादली घेऊन वाढाले उभे राह्यतेत. अन् तुमचा चू? त्याच्या टेबलावर रविवारी बसून एकेक पोरगी घर सोडाची गोष्ट काढते. ज्याच्या हातचं खाऊन घर एक झालं तो मोठा, का हा?

वर्धेची लेक
काका, दादा, तुम्हा दोघांनाही विचारते, पुरुषच का आठवले? भंडाऱ्याच्या भट्टीवर पुरुष उभा राहतो, त्याचं गावभर नाव होतं, मजुरीही मिळते. आदल्या रात्री वांगी चिरायला बसलेल्या बायांचं नाव कोण घेतं?

माझं मत 'लंचबॉक्स'मधल्या इलाला. रितेश बत्रांचा २०१३चा सिनेमा. नवऱ्यासाठी केलेला डबा चुकून साजन फर्नांडिसकडे जातो आणि चाटूनपुसून रिकामा परत येतो. एवढ्यावर ती बाई पुन्हा उमेदीनं रांधायला लागते. आणि वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटी! पूर्ण सिनेमात दिसत नाहीत, भारती आचरेकरांचा नुसता आवाज येतो, दोरीची टोपली खाली उतरते. दुसरं नाव 'द ग्रेट इंडियन किचन' या २०२१च्या मल्याळम सिनेमातल्या सुनेचं. तिला सिनेमात नावच दिलेलं नाही. पुरुषांनी चोखून टेबलावर टाकलेल्या शेंगा ती उचलते, गळक्या सिंकखाली बादली लावते. रांधून झाल्यावर काय उरतं ते या सिनेमानं दाखवलं.

पूर्णाकाठ
ताई, मुद्दा मान्य. पण मी धंद्याच्या स्वयंपाक्याबद्दल बोलतो आहे, ज्याची भाकर या कामावर आहे. त्यात बाई हवी तर 'गुलाबजाम'मधली राधा घ्या, २०१८चा सिनेमा, सोनाली कुलकर्णी. पुण्यात डबे करून जगते आणि लंडनची नोकरी सोडून शिकायला आलेल्या पोराला सुरुवातीला उभंही करत नाही.

मेळघाट पायथा
बाबेतला विसरलात सगळे. 'बाबेट्स फीस्ट', १९८७. पॅरिसच्या मोठ्या रेस्टॉरंटची ही शेफ डेन्मार्कच्या एका गावात दोन म्हाताऱ्या बहिणींकडे १४ वर्षं मासे आणि पावाची पेज रांधते. मग लॉटरीत १०,००० फ्रँक लागतात आणि ती सगळे १२ जणांच्या एका जेवणावर खर्चते. पाहुण्यांनी आधीच ठरवलेलं असतं की जेवणाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. तरी जेवता जेवता जुनी भांडणं मिटतात.

चुलीजवळचा
सगळे पैसे एका पंगतीत? आमच्या भागात याच पायी वावरं गहाण पडले, लग्नाच्या जेवणावळीत. त्याचं कवतिक मी नाही करणार, सिनेमा कितीही चांगला असो.

मेळघाट पायथा
दादा, तिनं कर्ज काढलं नाही आणि गावाला दाखवायला केलं नाही. आपण काय करू शकतो हे तिला एकदा करून पाहायचं होतं.

पूर्णाकाठ
ताईंसाठी एक प्रसंग सांगतो. शेजारच्या लहान मुलीला तिच्या आईनं दिलेला डबा बेचव असतो. चू तिला शाळेत आपल्या हातचा डबा नेऊन देतो आणि आईचा डबा स्वतः खातो, त्या बाईला कळू न देता. रांधणाऱ्याचा मान राखणारा असा माणूस मला दुसऱ्या कुठल्या सिनेमात दिसला नाही.

वर्धेची लेक
काका, तो डबा मान्य. पण तुमच्याच सिनेमाचा शेवट सांगते. चूची चव परत येते ती मधल्या मुलीच्या हातचं सूप पिऊन. तीच ती, जिला लहानपणी हॉटेलच्या किचनमधून बाहेर काढलं होतं, शिकून मोठी हो म्हणून. माझं मत बदलते. इला नाही, ही मुलगी.