डाळिंबाच्या तेल्यावर स्ट्रेप्टो चालेनासं झालंय, झाडाला सवय लागली का?

भगवावाला_सटाणा: नमस्कार मंडळी, दीड एकर भगवा डाळिंब आहे, मृग बहार (पावसाळ्यातला) धरलाय. आधी स्ट्रेप्टो (स्ट्रेप्टोमायसिन, जिवाणू मारायचं औषध) मारलं की तेल्या (डागांचा रोग) आटोक्यात यायचा, यंदा चार फवारण्या झाल्या, डोस पण वाढवला तरी फळावर डाग येतच आहेत. दुकानदार म्हणतो झाडाला सवय झाली. असं होतं का खरंच?

लॅबताई_नाशिक: दादा, सवय झाडाला नाही लागत, जिवाणू बदलतो. निंदणी केल्यावर बाकी गवत जातं पण हराळी राहते ना, आणि मग मोकळं रान मिळालं की तीच पसरते, अगदी तसंच. तेल्याचा जिवाणू झॅन्थोमोनास, एका डागात कोट्यवधी असतात, त्यात एखाद्याच्या जनुकात आपोआप चूक झालेली असते. स्ट्रेप्टोमायसिन जिवाणूच्या रायबोसोमला, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राला चिकटतं. ती चूक त्याच जागी असली तर औषध चिकटतच नाही. बाकीचे मरतात, हा उरतो आणि वाढतो. असा उरला की डोस कितीही वाढवा, उपयोग नाही. दुसरा प्रकार जास्त काळजीचा, औषध निकामी करणारं जनुक प्लास्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या तुकड्यावर असतं आणि जिवाणू ते शेजारच्याला देऊन टाकतात, दुसऱ्या जातीच्या जिवाणूला पण.

कसमादे_शेतकरी: ताई हे स्ट्रेप्टो टीबीचं तेच का? माझ्या आजोबांना त्याचीच इंजेक्शनं दिली होती.

लॅबताई_नाशिक: हो तेच! 1943 ला सापडलं, टीबीवरचं पहिलं खरं औषध. 1948 ला निकाल छापलेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत पेशंट आधी सुधारले आणि काही महिन्यांतच बऱ्याच जणांचे जंतू दाद देईनासे झाले, म्हणून तर टीबीला एकापेक्षा जास्त औषधं एकदम देतात. माणसाच्या कामाचं औषध आपण बागेत पंपाने उडवतोय, मला याचं फार वाईट वाटतं.

कसमादे_शेतकरी: मी दोन वर्षं स्ट्रेप्टो बंदच केलंय. डागाळलेली फळं, फांद्या काढून बागेबाहेर जाळायच्या, प्रत्येक झाडानंतर कात्री हायपोक्लोराइटमध्ये (जंतुनाशक) बुडवायची, छाटणीनंतर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण). आणि मृग सोडून हस्त बहार (पावसाळा सरतानाचा) धरला, पावसातच तेल्या पळतो सगळा. पूर्ण गेला नाही पण माल विकण्यासारखा निघाला.

भगवावाला_सटाणा: कात्री तर आम्ही कधीच धुतली नाही हो, मजूर एका बागेतून थेट दुसऱ्या बागेत येतात. पाचवी फवारणी उद्या होती, थांबवतो. सोलापूरच्या डाळिंब संशोधन केंद्राला पण फोन करून बघतो.