विषय: गावाकडची प्लास्टिकबंदी आणि आपली शिल्लक रक्कम

नमस्कार मंडळी,
गणेशोत्सवातून उरलेली रक्कम यंदा कोकणात प्लास्टिकबंदीच्या प्रचारासाठी द्यावी, असं सुचवतो. कापडी पिशव्या छापून गावोगाव वाटता येतील. राज्यात २०१८ पासून बंदी आहे, देशभर १ जुलै २०२२ पासून. तरी किनाऱ्याचे फोटो बघवत नाहीत. लोकांनाच बंदी नकोय असं दिसतं. मतं कळवा.
– सचिव

उत्तर:
दादा, नमस्कार.
मी महिनाभर मालवणजवळ माहेरी आहे, म्हणून लिहिते. लोकांना बंदी नकोय हे मला पटत नाही. परवा रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली तेव्हा मी किनाऱ्यावर होते. जाळ्यात तारली मासळी थोडी. वेफरची पाकिटं, बाटल्या आणि नायलॉनच्या दोरीचे गुंते कितीतरी जास्त. बायका वाळूत बसून ते निवडत होत्या. बंदी कशाला हवी, हे त्यांना पिशवीवर छापून सांगायला नको.

बाजारात मासळी विकताना त्यांची अडचण वेगळी आहे. मासळीचं पाणी गळतं. आई झाकणाचा डबा नेते, पण पर्यटक डबा घेऊन येत नाही. पिशवी नाही म्हटलं की पुढच्या टोपलीकडे वळतो. आणि दिली तर पहिल्याच वेळी ५,००० रुपये दंड. वेफरचं पाकीट मात्र प्रत्येक टपरीवर लटकतंय. “बंदी करा, पण मगे सगळ्यांकच करा,” असं एक मावशी म्हणाल्या. त्यांचं काय चुकलं?

आता पंगतीचं. थर्माकोलची ताटं बंद झाली हे चांगलंच झालं. पण ती गावात आली तेव्हा काय झालं होतं, ते आईकडून ऐका. त्याआधी पंगती उठल्या की बायका विहिरीवर राखेने ताटं घासत बसायच्या आणि त्यांच्या वाट्याला शेवटी गार भात यायचा. थर्माकोल आल्यावर त्या पहिल्यांदा सगळ्यांबरोबर जेवल्या. केळीची पानं म्हणाल तर माकडांनी आमच्या वाडीत केळ ठेवलेली नाही. पोफळीच्या विरीची, म्हणजे सुपारीच्या झावळीच्या रुंद देठाची, ताटं छान असतात, पण महाग पडतात.

म्हणून पिशव्या नकोत. २०० स्टीलची ताटं, वाट्या, पेले देवळात ठेवूया आणि घासणाऱ्या दोघींना मंडळाने मजुरी द्यावी. मजुरी वगळणार असाल तर कृपा करून ताटंही पाठवू नका.

उत्तर:
ताई, वाचून माझी आई आठवली. ५० ताटं माझ्याकडून. पण मजुरी मंडळाने किती वर्षं द्यायची? आपण थांबलो की घासणं पुन्हा घरच्या बायकांवरच येईल. लग्नाकार्याला ताटं भाड्याने द्यावीत आणि त्यातून मजुरी निघावी. देवस्थान समितीकडून तसं लेखी घ्या.

उत्तर:
काका, भाड्याचं पटलं. पहिलं वर्ष मंडळाने द्यावं, पुढे भाड्यातून. वाडीतल्या दोघी तयार आहेत, त्यांना आजच विचारलं. त्यांचं एकच म्हणणं: गार पाण्याने रश्शाचं तेल सुटत नाही आणि विहीर देवळापासून लांब आहे. देवळामागे एक नळ आणि पाणी तापवायला चूल हवी. दादा, यादीत ताटांच्या आधी नळ लिहा.